विलगीकरण कक्षाचे कुलूप तोडल्याबाबत

प्रति,
मा. मुख्य आरोग्य अधिकारी,
नगर आरोग्य कार्यालय

अर्जदार : पशुवैद्य, सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना
(सध्या मुक्काम : विलगीकरण कक्ष, सरकारी रुग्णालय)

विषय : कक्षाचे कुलूप तोडून रुग्ण आत हलवल्याबद्दल कार्योत्तर मंजुरी व कक्षात आणखी एक खाट मिळणेबाबत.

संदर्भ : १) डुकरांच्या आजाराविषयी अर्जदाराचा अर्ज, ‘अपूर्ण’ शेऱ्यासह परत.
२) कुलूप तोडल्याबद्दल आपली ‘कारणे दाखवा’ नोटीस.

महोदय,

१. कुलूप कोणाच्या परवानगीने तोडले, असे नोटिशीत विचारले आहे. परवानगी कोणाचीच नव्हती. ती घ्यायला का थांबता आले नाही, तेवढे अर्जदार येथे नमूद करीत आहे.

२. अर्जदाराच्या धाकट्या दिरांचे शहराबाहेर वराहपालन आहे. गोठ्यांना लागूनच त्यांची फळबाग. टेकडीवर खाण सुरू होऊन तिथली झाडी गेली, तेव्हापासून वटवाघळे या बागेत उतरू लागली. त्यांनी अर्धवट खाल्लेली फळे गोठ्यात पडत आणि डुकरे ती मिटक्या मारत खात. पुढे डुकरांना खोकला लागला, पार रस्त्यापर्यंत ऐकू येईल असा. दीर मुळात थट्टेखोर. अर्जदार तपासायला गेली तेव्हा म्हणाले, “वहिनी, आमच्या पोरांना विडीचं व्यसन लागलंय. तुम्हीच समजावा.” अर्जदारही हसली. तेवढ्यात एक मादी दोघांच्या देखत पाय झाडत आडवी झाली आणि परत उठली नाही. त्यानंतर थट्टा बंद झाली.

३. अर्जदाराने नमुने प्रयोगशाळेकडे धाडले. नमुन्यांतला विषाणू माहितीतल्या कोणत्याही विषाणूशी जुळत नाही, असे उत्तर आले. त्याच दिवशी अर्जदाराने आपल्या कार्यालयात अर्ज दिला : जनावरांची विक्री थांबवावी, गोठ्यातल्या माणसांची तपासणी व्हावी आणि विलगीकरण कक्ष उघडून तयार ठेवावा. ‘विषाणूचे नाव’ हा रकाना कोरा असल्याने अर्ज परत आला. अर्जदार समक्ष भेटायला आली, तेव्हा आपल्या साहाय्यकांनी चहा पाजून समजूत घातली. “मॅडम, डुकरं पशुसंवर्धनाकडे, वटवाघळं वनखात्याकडे आणि माणसं आमच्याकडे. तिघांची बैठक लावतो, काळजी करू नका.” बैठक लागली आणि रद्दही झाली, कारण सभागृहात बसायला खुर्च्या नव्हत्या. सगळ्या खुर्च्या विलगीकरण कक्षात रचून ठेवल्या होत्या आणि कक्षाची किल्ली भांडारपाल बदलीच्या गावी घेऊन गेले होते.

४. हा कक्ष मागच्या साथीनंतर बांधला गेला, हे आपणांस ज्ञात आहेच. दुहेरी दार, बाहेर पाहायला मोठी काच, आतली हवा गाळून बाहेर टाकणारा पंखा. रंगीत तालीमही झाली होती. रुग्ण झालेल्या शिपायाने इतके मनापासून कण्हून दाखवले की सर्वांनी टाळ्या वाजवल्या. अर्जदार त्या तयारी समितीवर होती. टाळ्या तिनेही वाजवल्या होत्या.

५. दिरांना ताप आला तेव्हा त्यांना मोठ्या वॉर्डात, भिंतीकडेच्या खाटेवर ठेवण्यात आले. अर्जदाराने वॉर्डाच्या डॉक्टरांना डुकरांची हकिगत सांगितली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली, पण त्यांचेही हात बांधलेले होते. तपासणीचा अहवाल आल्याशिवाय कक्ष उघडता येत नाही आणि संशयित रुग्णाचा नमुना कक्षाबाहेर घेता येत नाही, असे परिपत्रक त्यांनी दाखवले. दोन्ही कलमांखाली आपलीच सही आहे. एवढ्यात दिरांची शुद्ध हरपू लागली. जाऊबाईंना त्यांनी ओळखले नाही. अर्जदाराला आई समजून ते पुन्हा पुन्हा विचारू लागले, “गोठ्याचं दार लावलंस ना गं?”

६. अर्जदाराने पहारेकऱ्यांना गाठले. ते कुलपाकडे बघून म्हणाले, “मी जरा चहाला जाऊन येतो. पहार जिन्याखाली असते.” त्यांनी दुसरे काहीही केलेले नाही, सबब त्यांच्यावर कारवाई होऊ नये. कुलूप अर्जदाराने तोडले. खुर्च्या तिने आणि मोठ्या वॉर्डातल्या सिस्टरनी मिळून बाहेर काढल्या. दिरांना आत घेतल्यावर अर्जदाराने सिस्टरना बाहेर पाठवून आतून कडी लावली. आता अर्जदारालाही कणकण आहे आणि फरशी फार गार लागते, म्हणून दुसरी खाट मागितली आहे.

७. येथवर अर्ज काल लिहून झाला होता. आज पहाटे दीर गेले. जाऊबाई काचेपलीकडे उभ्या होत्या. “एकदा हात लावू द्या, वहिनी, एकदाच,” म्हणाल्या. अर्जदाराने दार उघडले नाही. त्या काय बोलून गेल्या ते येथे लिहिण्याचे कारण नाही. देह अर्जदाराने स्वतः गुंडाळून ठेवला आहे. तो हलवण्यास येणाऱ्यांनी पूर्ण पोशाख घालून यावे.

८. त्यामुळे खाटेची मागणी अर्जदार मागे घेत आहे. कार्योत्तर मंजुरी नाही मिळाली तरी हरकत नाही. मात्र थोड्या वेळापूर्वी सिस्टरनी काचेपाशी येऊन एक गोष्ट सांगितली, ती आपण कृपया उभ्याउभ्याच वाचावी. मोठ्या वॉर्डात दिरांच्या शेजारच्या खाटेवर एक गवंडी होते. बांधकामाच्या परांचीवरून पडून पाय मोडला म्हणून दाखल झालेले. कालपासून त्यांना ताप चढला आणि ते असंबद्ध बोलू लागले. पायामुळे असेल, असे सर्वांना वाटले. आज सकाळी घरच्यांनी हट्टाने त्यांना घरी नेले, भरलेल्या बसमधून.

हे गृहस्थ बांधकामावरून थेट रुग्णालयात आले होते. दिरांच्या गोठ्याशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. डुक्कर त्यांनी जवळून पाहिलेलेसुद्धा नाही.

त्यांच्याकडे आज, आत्ता माणूस पाठवावा. बैठक बोलावू नये.

हा अर्ज काचेला लावून धरला असता सिस्टरनी त्याचा फोटो काढून आपल्याकडे पाठवला आहे. मूळ कागद कक्षाबाहेर येणार नाही.

काचेच्या आतून, आपली नम्र,
(सही)
पशुवैद्य
सोमवार, दुपार

सोबत : काही नाही. गवंड्यांचा पत्ता वॉर्डात सिस्टरकडे आहे.