सहा सिलिंडर, दोन पाइप

४ जानेवारी २००९
विजयमाला खराडीला, लेकीकडे निघून गेली. नातवाच्या बारशाला मी पोचलो नाही, हे कारण. माझा ट्रक कात्रजच्या घाटात बसला, त्याला मी काय करणार? ट्रक विकाल तेव्हाच न्यायला या, म्हणाली. काही वाटलं नाही. येईल आठवड्यात. चहा स्वतः केला. साखर सापडली नाही.

६ जानेवारी
दोष ट्रकचा नाही, सायलेन्सरचा आहे. एका रांगेत सहा सिलिंडर आणि सगळ्यांचा धूर एकाच नळीतून बाहेर. अख्खी पंगत एका दारातून उठल्यासारखं. कोंडणारच! संकल्प: नवा मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करणारी नळी. तीन-तीन सिलिंडरना वेगळा पाइप, पुढे मोठा सायलेन्सर. इंजिन मोकळं झालं की ट्रक घाट चढेल. घाट चढला की विकायचा प्रश्नच मिटला. ही आपोआप येईल.

९ जानेवारी
हमीदभाई मिस्त्रींना प्लॅन सांगितला. म्हणाले, म्हाताऱ्याला नवं नाक बसवलं म्हणून तो डोंगर चढत नाही. मी लक्ष दिलं नाही. काम घेतलं शेवटी.

१५ जानेवारी
गॅरेजमधून चालत आलो. नाल्याच्या वळणावर उगाच थांबलो. ट्रक इथं आला की हिला घरात आवाज कळायचा. लगेच तवा चढायचा. मी हातपाय धुईपर्यंत भाकरी ताटात. असो. बाहेर मिसळ खाल्ली. उद्यापासून भाकरी शिकणार.

१६ जानेवारी
पीठ चाळायला चाळण सापडली नाही. मिसळ.

२४ जानेवारी
पाइप बसले! जुना मॅनिफोल्ड ठेवा, लागेल, असं हमीदभाई म्हणाले. जुन्या वस्तूंत जीव गुंतवणारा मी नव्हे. भंगारात दिला. ट्रकचा आवाज पार बदलला. भरदार, एकदम साहेबी. हमीदभाईंचं मत विचारलं. आवाज छान आहे, आता ऐकत बसा, म्हणाले.

२६ जानेवारी
घाटात ट्रायल. गाडी रिकामी. निम्मा घाट झकास. पुढे दुधाच्या टँकरने ओव्हरटेक केलं, नंतर एका सायकलवाल्याने. तिथून मी परत फिरलो, पण स्वतःच्या मर्जीने. उतारावर मात्र काय पळाला! प्रयोग यशस्वी.

१ फेब्रुवारी, रविवार
संध्याकाळी हिला आणायला खराडीला गेलो. प्लॅन असा: हॉर्न द्यायचा नाही, हाक मारायची नाही. सोसायटीखाली जागेवर नुसती रेस द्यायची. आवाज ऐकून ही धावत गॅलरीत येणार. भरपूर रेस दिली. सगळ्या गॅलऱ्या भरल्या, हिची सोडून. वॉचमन म्हणाला, काका, माल उतरवायचा नसेल तर निघा. निघालो. काही वाटलं नाही.

३ फेब्रुवारी
लेकीचा फोन. आई रोज संध्याकाळी गॅलरीत बसते म्हणे, रस्त्याकडे कान लावून. रविवारी खाली कुठला तरी ट्रक बोंबलत होता. लेकीने विचारलं, बाबा असतील का? तर ही म्हणाली, ह्यो आपला न्हाय, आपल्याचा आवाज मी झोपेत बी वळखीन. आणि खाली न बघताच दार लावून आत गेली.
मी म्हटलं, असेल कुणाचा तरी.
फोन ठेवला. वाईट वाटलं. भंगारवाल्याकडे गेलो. मॅनिफोल्ड कालच भट्टीत गेला होता.