अण्णांचे पंधरा तास

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. खाणीवर म्हणे दाढी वाढवून बसलायस. ये तर खरा, दारातच हजामत करते तुझी.

आता काळजीचं. अण्णांच्या हृदयाची झडप महिन्याभरात बदलायलाच हवी, असं डॉक्टरांनी बजावलंय. अण्णा सही करत नाहीत. धाकटा आल्याशिवाय टेबलावर झोपणार नाही म्हणतात, आणि तुला आत्ता बोलवूही देत नाहीत. जास्त वाटलं की तार करू, पंधरा तासांत दारात उभा राहील, हे त्यांचं पालुपद. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाशी वेळेवरून कोण वाद घालणार? पृथ्वीच्या गोलावर दोरा धरून त्यांनी तुझ्या विमानतळापासून आपल्या विमानतळापर्यंत मोजलंय. तेरा हजार दोनशे किलोमीटर, भागिले विमानाचा वेग. दुकानात येईल त्याला ऐकवतात. जिना चढताना दोनदा खाली बसतात, पण हेका सोडत नाहीत. खरंच पंधरा तास लागतात का रे? काय असेल ते स्पष्ट कळव.

जीवाला जप.
तुझी ताई

१५ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

ताई, ते पंधरा तास मीच त्यांच्या डोक्यात भरवले. निघताना त्यांचा चेहरा बघवेना, म्हणून बोलून गेलो. ते नुसते हवेतले तास. खाणीवरून विमानतळ ट्रकने दीड दिवस. मधे विमान बदलायला अकरा तास बाकड्यावर. पासपोर्ट मुकादमाच्या कपाटात, तो सोडवायला एक दिवस. सगळं सुरळीत झालं तरी चार दिवस धर.

माझ्या भरवशावर ते ऑपरेशन लांबवताहेत हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. हे पत्र त्यांना वाचून दाखव. मला हव्या तेवढ्या शिव्या देऊ देत, पण सही करू देत. रजा मागितलीय, अजून उत्तर नाही.

रागवा, पण माया कमी करू नका.
तुझा धाकटा

२७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

वाचून दाखवलं. अण्णांनी डोळ्यावरचं भिंगसुद्धा काढलं नाही. म्हणाले, ठाऊक होतं मला. तू गेलास तेव्हा पोचल्याची तार पाचव्या दिवशी आली होती, ती तारीख त्यांनी गोलाच्या बुडाशी लिहून ठेवलीय. मी भडकले. मग हे पंधरा तास कशाला कवटाळून बसलात, विचारलं. म्हणाले, भीती वाटते गं, धाकट्याची सबब बरी होती. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून भीती हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मला रडूच कोसळलं.

त्यांनी सही केलीय. ऑपरेशन परवा. तुला तार करते म्हटलं, तर नको म्हणाले. वाटेत चार दिवस त्याचा जीव टांगणीला लागेल, पत्रच जाऊ दे. मी कबूल केलं. म्हणजे तू हे वाचशील तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल.

रजा मिळो न मिळो, पत्र खाली ठेव आणि निघ. कशासाठी आलास ते दारात कळेल.

लोभ आहेच, समोर येऊन घे.
तुझी ताई