अडतिसावं पान

स्कोफिल्ड्स, सिडनी
सोमवार

तीर्थरूप भास्करकाकांना शंतनूचा साष्टांग नमस्कार. (लेखी आहे म्हणूनच साष्टांग, माझे गुडघेही आता तुमच्या वळणावर गेले आहेत.) तुमची शुगर, काकूंची कंबर आणि गच्चीतला कढीपत्ता यांची खुशाली कळवावी. इकडे सुहासिनी आणि उर्वी मजेत आहेत. टाइप केलेल्या मजकुराला तुम्ही पत्र मानत नाही, म्हणून हे कागदावर लिहून फोटो पाठवतो आहे. विशेष काम काही नाही, सहजच लिहितो आहे.

मी नोकरी सोडल्याचं तुम्हाला कळलंच असेल. (आईला 'कुणाला सांगू नकोस' असं बजावलं होतं, म्हणजे कळलंच असणार.) पॅरामॅटाच्या ऑफिसात अठरा वर्षं लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधल्यावर शाळेत गणित शिकवावं असं वाटायला लागलं. त्यासाठी इथल्या युनीत (युनिव्हर्सिटीला इथे एवढंच म्हणतात) एक कोर्स पुरा करायचा आहे. त्यात फळ्यावर एक सिद्धता करून दाखवावी लागते, ती जमली नाही तर शिक्षक होणं संपलं. विषयांच्या यादीत डिफरन्शियल इक्वेशनचा आपला तो जुना सिद्धांत दिसला, उजवी बाजू नुसती कंटिन्युअस असली तरी उत्तर असतंच हा, आणि मी हात वर केला. तुम्ही कॉलेजात आम्हाला दिलेल्या नोट्समधली ती सिद्धता मला बावीस वर्षं तोंडपाठ आहे. एम.एस्सी.ला तिच्यावर मी पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते.

सुहासिनीने विचारलं, म्हणजे नक्की काय? मी सांगितलं की प्रत्येक ठिकाणी कुठल्या दिशेने जायचं ते ठरलेलं आहे आणि ती दिशा कुठेही एकदम उडी मारत नाही, असं असेल तर त्या दिशा पाळत जाणारा एक तरी रस्ता असतो, निदान थोड्या अंतरापर्यंत. ती म्हणाली, "हे आपल्या जीपीएसला कुणी सांगितलं नाही वाटतं." (आमच्या नव्या वसाहतीत निम्मे रस्ते अजून कागदावरच आहेत. मागच्या महिन्यात जीपीएसने अत्यंत आत्मविश्वासाने आम्हाला एका गाईपुढे नेऊन उभं केलं.) मग पंधरा दिवस मी पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना सिद्धता म्हणत असे आणि सुहासिनी नोट्स हातात धरून चुका काढत असे. उर्वी एकदाच म्हणाली, "डॅड, यू आर नॉट प्रूव्हिंग इट, यू आर सिंगिंग इट." इथल्या मुलांना पाठांतराचं महत्त्व नाही.

शुक्रवारी आर्वोला (इथे दुपारला असं म्हणतात) सेमिनार झाला. आमच्या प्राध्यापिकेला सगळे नुसतं केट म्हणतात. माझ्याच्याने ते होत नाही, म्हणून मी केटमॅडम म्हणतो आणि दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. फळ्याकडे तोंड करून मी सुरू केलं: छोट्या छोट्या पावलांच्या तुटक रेषा काढा, पावलं आणखी लहान करा, म्हणून या रेषा एका उत्तराकडे जातात, इति सिद्धम. मागून केटमॅडम म्हणाल्या, "होल्ड ऑन, मेट. व्हाय डू दे कन्व्हर्ज?" काका, बावीस वर्षांत मला हा प्रश्न पडला नव्हता. मी म्हणालो, "बिकॉज इट्स ऑन पेज थर्टी-नाइन." त्या हसल्या नाहीत. कधीकधी उत्तरं दोन असतात, त्यांनी समजावलं. निम्म्या रेषा एकीकडे गेल्या आणि निम्म्या दुसरीकडे, तर काय करशील? मग शांतपणे विचारलं, "अँड व्हॉट्स ऑन थर्टी-एट?"

घरी येऊन पाहिलं. सदतिसावं पान 'म्हणून या रेषा' इथे संपतं, पुढचं 'एका उत्तराकडे जातात' असं सुरू होतं आणि त्या पुढच्यावर आकडा एकोणचाळीस आहे. वाक्य इतकं बेमालूम जुळतं की शंकाच येऊ नये. डार्विन शहरात राहणाऱ्या अनिशला फोन केला. (माझा वर्गमित्र, तुमचाच विद्यार्थी.) त्याच्या झेरॉक्समध्येही अडतिसावं पान नाही आणि मार्क त्यालाही पैकीच्या पैकी. तो आता गॅस प्लँटवर सेफ्टी बघतो, त्यामुळे मी जरा काळजीत आहे. तो म्हणाला, "नो वरीज, काकांनी ठेवलं असेल कुठेतरी."

पुढच्या शुक्रवारी शेवटची संधी आहे. शनिवारी आमच्या मंडळाची गणपतीची मीटिंग होती. चाळीस माणसं, एकमत नाही. शेवटी चित्रलेखाताईंनी (आमच्या अध्यक्षा, आवाज खणखणीत) आधी तारखेवर जुळणारे बाजूला काढले, त्यांच्यातून हॉलवर जुळणारे, त्यांच्यातून जेवणावर जुळणारे. आम्ही तिघं उरलो आणि ठराव पास झाला. मी तिथेच खुर्चीवरून उठलो. काका, रेषा सगळ्या जुळत नाहीत, जुळायचं कारणच नाही! त्यांचा चढ ठरावीक मर्यादेत असतो, म्हणून एकेका ठिकाणी जवळ येणाऱ्या तेवढ्या चाळत जायच्या. त्या अनंत असल्याने कितीही चाळल्या तरी संपत नाहीत. अशी निवडलेली मालिका एकाच वाटेवर स्थिरावते, आणि दिशा उडी मारत नाही म्हणून ती वाट समीकरण पाळते. रात्रभर बसून लिहून काढलं. मला फार आनंद झाला. असा आनंद पैकीच्या पैकी मिळाले तेव्हाही झाला नव्हता.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, कढीपत्त्याला पाणी.

तुमचा आज्ञाधारक
शंतनू

ता. क. विशेष काम नाही म्हटलं तरी एक आहे. मूळ वहीत अडतिसावं पान असेल तर फोटो पाठवावा. माझं बरोबर आहे का ते ताडून बघेन.

ता. क. २. आत्ताच काकूंशी बोललो. त्यांनी कपाटातून वही काढून पाहिली. त्यातही नाही म्हणाल्या, आणि पान फाडल्याची खूणही नाही. मी पहिल्या बाकावर बसायचो, काका. सिद्धतेत त्या ठिकाणी आलात की तुम्ही दर वेळी पाणी प्यायचात आणि फळा पुसायचात. आम्हाला वाटायचं, घशात खडूची धूळ जात असेल.

ता. क. ३. माझं पान सोबत जोडलं आहे. बुधवारी तुमच्या सकाळी दहाला फोन करतो. वही-पेन घेऊन बसा. समजलं नाही तर खुशाल पुन्हा विचारा, मी रागावणार नाही.