आईचा डोळा

पंचवटी, नाशिक
ता. ६ फेब्रुवारी १९८७

ती. आक्कास,

धाकट्या रंगनाथचा नमस्कार. इकडे मी आणि सगुणा दोघंही बरे आहोत. कांद्याला पाणी पुरतंय का आणि भिकनची पाठ दुखायची थांबली का, ते कळव. मालन सूनबाई, आक्काला पत्र सावकाश वाचून दाखव. अक्षर या वेळी बारीक आहे, कारण आता मला बारीक लिहिता येतं.

बातमी तीच आहे. बारा दिवसांपूर्वी माझ्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तुला आधी कळवलं नाही. कळवलं असतं तर तू जेवली नसतीस.

गंगापूर रोडवर एक डॉक्टर आहेत, वयानं भिकनएवढे. त्यांनी मला समोर बसवून नीट समजावलं. जुन्या पद्धतीनं मोतीबिंदू काढता येईल, मग जाड भिंगांचा चष्मा. तो मला ठाऊकच होता. सगुणाचे दोन्ही डोळे शिबिरात झाले तेव्हापासून ती तोच लावते. तिला वस्तू मोठ्या आणि जवळ दिसतात. पहिल्या महिन्यात ती कपाच्या बाहेर चहा ओतायची, आणि चष्मा काढला की तिला भिंतसुद्धा सापडत नाही. दुसरा उपाय नवा. मोतीबिंदू काढायचा आणि त्याच्या जागी डोळ्याच्या आतच एक भिंग बसवायचं. डॉक्टरांनी ते दाखवलं. साबुदाण्याच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं, आणि पाण्यासारखं. मी विचारलं, किती वर्षं टिकेल? ते म्हणाले, तुम्हाला पुरेल.

पट्टी सुटली तेव्हा समोर नर्स उभी होती. आक्का, तिची साडी पांढरी होती. चाळीस वर्षं मी पाट्या रंगवतोय, डबेच्या डबे पांढरा रंग लावला असेल, पण तो पांढरा मी विसरलोच होतो. डावा डोळा मिटला की साडी शुभ्र, उजवा मिटला की तीच साडी चहा सांडल्यासारखी. घरी येताना रिक्षात मी सारखा हा डोळा मीट, तो डोळा मीट करत होतो. रिक्षावाला आरशातून बघायला लागला.

आणि माझ्या पाट्या! मोतीबिंदूनं मला सगळं पिवळट दिसत होतं, म्हणून गेली चार वर्षं मी निळा ओतत गेलो. सायकलवाल्याची पाटी मी आभाळी म्हणून रंगवली होती, ती डोळ्यांत खुपेल इतकी निळी निघाली. त्याला विचारलं, तू बोलला का नाहीस? तो म्हणाला, मला वाटलं ही तुमची नवी फॅशन असेल.

घाटावर गेलो तर पाण्यावर ऊन हलत होतं, ते मी तासभर बघत बसलो. कडुलिंबाला पानं असतात, वेगवेगळी, एकेक. मला नुसता हिरवा ढीग दिसायची सवय झाली होती. सगुणाच्या चेहऱ्यावर सुरकुत्या दिसल्या. मी म्हटलं, हे कधी झालं? ती म्हणाली, तुमच्यासमोरच झालं की.

वाचायला अजून चाळिशीचा चष्मा लागतो. तेवढं राहणार.

भिकननं लिहिलंय की तू गेल्या आठवड्यात भाकरी तव्याऐवजी थेट विस्तवावर टाकलीस, आणि हात भाजला. आक्का, तू ये. बाकीचं मी बघतो.

तुझा,
रंगनाथ

---

पंचवटी, नाशिक
ता. २१ फेब्रुवारी १९८७

ती. आक्कास,

रंगनाथचा नमस्कार. सगुणा ठीक आहे. थंडी गेली. माझा डोळा चांगला आहे, औषधाचे थेंब दिवसातून दोनदाच राहिलेत.

तुझं उत्तर मालनच्या अक्षरात पोचलं. तीनच ओळी आहेत. ‘आईचा डोळा डाक्टरांनीच काढला ना? मग मला त्यांच्या हातात कशाला देतोस? हाय तेवढं दिसतं, तेवढं बास.’

याला काय लिहावं म्हणून मी दोन कागद फाडले. पहिल्यात डॉक्टरांचं कौतुक केलं. दुसऱ्यात, तेव्हाची औषधं निराळी होती, असं लिहिलं. दोन्ही खरं आहे, पण जे लिहायला हवं ते हे नाही.

मालन, तू वाचताना थांबू नकोस. भिकनलाही बसव. सगळ्यांनीच ऐकावं.

आक्का, छप्पन साली सिंहस्थ होता, आठवतं ना. धर्मशाळांच्या, दुकानांच्या पाट्या लिहायला माणूस मिळत नव्हता आणि माझं नुकतंच नाव होत होतं. आईच्या डोळ्यांतले मोतीबिंदू तेव्हाच पिकले होते. मी तिला सरकारी दवाखान्यात दाखवलं. ते म्हणाले, ऑपरेशन करू, दहा दिवस उताणं निजावं लागेल, जवळ घरचं माणूस हवं. मला दहा दिवस द्यायचे नव्हते. पुढे बघू म्हणून मी तिला परत आणलं.

त्याच आठवड्यात घाटावर एक माणूस आला होता, सुईनं मोतीबिंदू मागे लोटणारा. अर्ध्या तासात काम होतं म्हणाला. मी त्याला घरी आणलं. आईचं डोकं मीच धरलं होतं.

तिला दिसलं, आक्का. तिथल्या तिथे दिसलं. तिनं माझ्या हनुवटीला हात लावला आणि म्हणाली, दाढी कर. मग दारात जाऊन उभी राहिली आणि जाणाऱ्या-येणाऱ्याचं नाव घेत राहिली. मी कामावर गेलो. आठ दिवस ती अशीच होती. नवव्या दिवशी डोळा लाल झाला, मग सुजला, मग त्यातून पू यायला लागला. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, डोळा केव्हाच गेलाय, आता ठेवला तर जीव जाईल. हे कुणी केलं, असं त्यांनी विचारलं. मी खाली बघत राहिलो. त्यांनी डोळा काढला आणि आई वाचली.

तू वीस दिवसांनी आलीस. दारातच विचारलंस. आई म्हणाली, दवाखान्यात काढला. मी मान हलवली. त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि तरी सगळं खोटं होतं. तू गेल्यावर मी रडलो तेव्हा आई तुझं नाव घेऊन म्हणाली, “चंद्रीला सांगू नको. ती तुझं तोंड बघायची नाही.”

आईनं दुसऱ्या डोळ्याला पुढे कुणालाच हात लावू दिला नाही. ती अंधारातच गेली. आणि तू एकतीस वर्षं दवाखान्याला भितेस, ती भीती मी तुला दिली आहे. त्या दिवशी नर्सची पांढरी साडी बघताना मला आनंद झाला. मग वाटलं, हे आईला मिळू शकलं असतं.

मला हवं ते बोल. हवं तर माझ्या घरी उतरू नकोस. पण डोळा दाखव.

तुझा अपराधी,
रंगनाथ

---

पंचवटी, नाशिक
ता. २९ मार्च १९८७

चि. भिकन यास,

अनेक आशीर्वाद. तू परवा कांदा काढायला परत गेलास, त्यानंतरचं सगळं लिहितो. मालनलाही वाचायला दे.

तू पाहिलंसच, तू तिला इथे घेऊन आलास तेव्हापासून आक्का माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. पाणी मागायची तेही सगुणाकडे. ऑपरेशनला आत नेताना तिनं हात पुढे केला, तो मी धरला. हा हात कुणाचा ते तिला कळलं होतं. तिनं काढून घेतला नाही, एवढंच.

काल सकाळी पट्टी काढली. डॉक्टरांनी विचारलं, काय दिसतं? आक्कानं स्वतःचा हात वर धरला आणि उलटसुलट करून बघत राहिली. तळहातावरच्या रेघा, नखं, भाजल्याचा डाग. बांगडी फिरवली. पुष्कळ वेळ. नंतर तिनं मान वळवली, खिडकी बघितली, खिडकीबाहेरची दोरीवरची धुणी बघितली आणि एकेक रंग हळू आवाजात म्हणत गेली. हिरवा. जांभळा. हळदीचा. पोरगी शाळेत पाढे म्हणते तशी. भिकन, मी जन्मभर रंग विकले, पण त्यांची नावं अशी घेतलेली कधी ऐकली नव्हती.

सगळ्यात शेवटी तिनं माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली घालणार होतो, पण घातली नाही.

ती म्हणाली, “दिसायला लागलं म्हणून माफ केलं असं समजू नको, रंग्या. पण आता तुझं तोंड बघून भांडता येईल.”

आणि भिकन, ती भांडली. घरी आल्यापासून दोन्ही वेळच्या जेवणात भांडली. आईला दारात उभं सोडून कामावर कसा गेलास, दहा दिवसांसाठी मला का नाही बोलावलंस, मी तान्हं लेकरू घेऊन आले असते. मी ऐकतो. मध्येच ती थांबते, ताटातल्या कोथिंबिरीकडे बघत राहते, आणि कुठवर आलो होतो ते तिला आठवत नाही. मग मीच आठवण करून देतो.

दुसरा डोळा दोन महिन्यांनी करायचा आहे. मधल्या काळात वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. तुझ्याकडे पाठवू का, असं मी विचारलं. आत्ता समोरच बसली आहे, आणि लिही म्हणते आहे, की तिचं इथलं काम अजून व्हायचं आहे.

तिच्या नजरेसमोर बसून,
तुझा मामा
रंगनाथ