निव्वळ कामाची खोली

३ जून

आज सकाळी टेप घेऊन आईची खोली मोजली. आई आत होती. टेपचे दुसरे टोक तिनेच धरले. तिला वाटले, नवे कपाट येणार. "जरा मोठंच घे, माझी पांघरुणं मावली पाहिजेत," म्हणाली. मी हो म्हटले. काय म्हणून हो म्हटले!

लांबी चौदा फूट, रुंदी अकरा. गावच्या शाळेत गुरुजी तळहातावर पट्टी मारून क्षेत्रफळ शिकवायचे. उत्तर तोंडीच आले — एकशे चोपन्न. सगळे घर सहाशे सोळा. बरोबर चौथा हिस्सा. बाकी शून्य. हिशेब असा सुटला की मला लहानपणापासून देव पावल्यासारखे वाटते. आजही वाटले.

४ जून

परवा, खोली मोजायच्या आधी, कात्रीकडे गेलो होतो, ते लिहायचे राहिले. कात्री म्हणजे आमचा करसल्लागार. कर कापून देतो म्हणून सगळा बाजार त्याला कात्री म्हणतो, आणि त्यालाही ते आवडते.

सोळा वर्षे मी घरीच बूट करतो. एक पाय आखूड असलेल्यांसाठी — एका बुटाचा तळ जाड, दुसऱ्याचा साधा. डॉक्टर माप लिहून पाठवतात. कात्री म्हणाला, "सोळा वर्षं फुकट कर भरलात. घराचा जेवढा भाग धंद्याला, तेवढा भाग भाड्याचा, विजेचा, रंगाचा — सगळा खर्चात जातो."

"पुढच्या खोलीत काम करतो की."

"तिथेच जेवता. ते चालत नाही. खोली निव्वळ कामाची पाहिजे. पलंग दिसला की संपलं."

"मागच्या खोलीत आई असते."

"मग?"

एवढेच बोलला. उठून घरी आलो.

५ जून

बायकोला सांगितले. ती भांडी पुसत होती.

"वर्षाला वाचतील किती?"

"सव्वा महिन्याचं भाडं."

"म्हणजे आईंचा भाव सव्वा महिना. मला वाटलं होतं, जरा जास्त निघेल."

हसली नाही. वाटीत वाटी ठेवत राहिली. मग म्हणाली, "मी मध्ये पडणार नाही. पंचवीस वर्षं त्यांनीच ठरवलं, या घरात मी कुठे बसायचं. आता बसू देत त्यांना."

८ जून

देवापुढे दिवा लावला आणि आईला सांगायला गेलो. तिने सगळे ऐकून घेतले. रडली असती तर मी कदाचित — पण रडली नाही. म्हणाली, "धाकट्यानं असं केलं नसतं."

माझा धाकटा भाऊ. त्याचा बंगला, वरच्या तीन खोल्या रिकाम्या. तिथे आईने एकदाच मुक्काम केला, चार दिवस. पाचव्या दिवशी त्याच्या ड्रायव्हरने तिला आणून सोडले. पिशवी दारात ठेवली आणि गाडी चालू ठेवूनच गेला. तरी या घरात उठता-बसता त्याचेच नाव!

मी म्हटले, "मग जा धाकट्याकडे."

ती गप्प झाली. ती का गप्प होईल ते मला ठाऊक होते. म्हणूनच म्हटले.

९ जून

पलंग हलवला. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्या मधल्या बोळात बसला, अगदी मापात. बायकोला आता अंग चोरून जावे लागते.

१५ जून

मागच्या खोलीला पांढरा रंग. मशीन आत, बूट ज्यांवर बेततो ते लाकडी पाय फळीवर ओळीने. छान दिसते. खिडकीला एक दोरी बांधलेली होती. ती धरून आई पलंगावरून उठायची. गाठ सुटेना, म्हणून कापली.

१८ जून

दुपारी बाहेरून आलो, तर आई कामाच्या खोलीत चामड्याच्या तुकड्यांवर झोपलेली. तळ चिकटवायच्या सोल्यूशनच्या वासाने माझे डोळे चुरचुरतात, आणि ती लेकरासारखी गाढ! मी तिला हलवून उठवले. "ही कामाची खोली आहे, आई."

"जरा पाठ टेकली रे. बोळात पंखा नाही."

दुपारीच कुलूप आणले. किल्ली खिशात ठेवतो.

२१ जून

देवापुढे बसलो. काही मागितले नाही. तोंड नव्हते असे नाही — काही कमीच वाटले नाही.

२६ जून

कात्रीने अर्ज आणला. खोली गेल्या वर्षापासून कामाची आहे, असे त्यात लिहिले होते. मी म्हटले, गेल्या वर्षी तर आई होती. "गेल्या वर्षीचंही वाचेल. तुमची आई काय अर्ज वाचायला येणार आहे?" खाली ओळ होती — वरील मजकूर सत्य आहे. सही केली. सही नेहमीसारखीच आली.

२ जुलै

आज कर खात्याचा अधिकारी खोली पाहून गेला.

तो अकराला येणार होता. आईच्या तोंडाचा भरवसा नाही. दहालाच तिला म्हटले, "खाली पायऱ्यांवर जाऊन बस. मी हाक मारेपर्यंत वर यायचं नाही. कोणी विचारलं तर आमचं नाव काढू नकोस."

"काय सांगू मग?"

"काहीही सांग!"

अधिकारी आला दीडला. चांगला माणूस, तरुण. खोली पाहिली, फळीवरचे पाय पाहिले. एक हातात घेऊन म्हणाला, "तुम्ही पुण्याचं काम करता." पाच मिनिटांत कागदावर शेरा लिहिला. मी त्याला सोडायला दारापर्यंत गेलो. जाताना म्हणाला, "खाली तुमचं गिऱ्हाईक बसलंय. आजी आहेत एक. बूट न्यायला आल्यात म्हणाल्या. केव्हाच्या ताटकळल्यात. त्यांचं काम आधी करा हो, पायात काहीच नाहीये त्यांच्या."

तो गेल्यावर खाली पाहिले. खरेच अनवाणी. घाईत मीच तिला चपला घालू दिल्या नव्हत्या.

हाक मारली. आई कठडा धरून वर आली, उंबऱ्याशी थांबली आणि म्हणाली, "येऊ का आत? तुम्ही मोकळे झालात का?"

मला वाटले, टोमणा आहे.

३ जुलै

"तुम्ही चहा घेतलात?" — आई, मला.

६ जुलै

थांबत नाही. सुनेला 'अगं', धाकट्याला फोनवर 'अरे सोन्या', खालच्या इस्त्रीवाल्यालाही 'अरे'. मला फक्त 'अहो'. सकाळी कामाच्या खोलीच्या दारावर टकटक करते. "अहो बूटवाले, आज तरी होईल ना माझं काम?" पुढच्या खोलीत गिऱ्हाइकांसाठी बाक आहे, त्यावर पदर सावरून बसते. आज एक खरे गिऱ्हाईक आले, तर त्याला म्हणाली, "माझा नंबर आधी आहे. पण जा तुम्ही. मला काय, मी रिकामीच."

बायको पहिल्या दिवशी तोंडाला पदर लावून हसली. आज हसली नाही.

१० जुलै

डॉक्टरांकडे नेले. त्यांनी वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात वजा करायला लावले. आईने माझ्यापेक्षा लवकर केले. डॉक्टर म्हणाले, डोके ठणठणीत आहे. "तुमच्याबरोबर हे कोण आलेत, आजी?"

"शेजारी राहतात. सज्जन आहेत. मला रिक्षानं आणलं त्यांनी."

डॉक्टर माझ्याकडे पाहू लागले. मी फीचे पैसे काढून टेबलावर ठेवले.

१४ जुलै

तिच्यासमोर जमिनीवर बसलो. म्हटले, "आई, चुकलो. पुरे कर आता. 'अरे' म्हण. वाटलं तर मार." लहानपणी तिने मला उलथन्याने मारले आहे. अजून खांद्यावर खूण आहे. तेव्हाही 'अरे'च म्हणायची.

ती घाईघाईने बाकावरून उठली. "असं जमिनीवर बसू नका. कोणी पाहिलं तर काय म्हणेल!"

१९ जुलै

मशीनवर बसलो आणि दोन बुटांचे तळ उलटे लावले. जाड तळ चांगल्या पायाला. सोळा वर्षांत असे झाले नव्हते. गिऱ्हाईक घालून दोन पावले चालले आणि पडता पडता राहिले. त्याच्या आईने मला काय काय ऐकवले! मी ऐकत राहिलो. बरे वाटत होते.

२४ जुलै

बायको म्हणाली, "खोली देऊन टाका त्यांना. मला आता या घरात भीती वाटते."

आज खोली उघडून आईला म्हटले, चल. तिने दारातूनच आत पाहिले. "नको हो. सरकारदरबारी कामाची म्हणून लिहून दिलीत ना? उगाच माझ्यामुळे तुमच्यावर बालंट नको."

म्हणजे तिला सगळे ठाऊक आहे. अर्जसुद्धा. कात्री आला होता तेव्हा बोळातून ऐकले असणार.

२६ जुलै

कात्रीला सांगितले, खरे काय ते लिहून देतो. तो खुर्चीतून अर्धा उठला. "दंड बसेल. मागची सगळी वर्षं उपसतील. डॉक्टर लोक तुमच्याकडे माणसं पाठवायची थांबतील. आणि कशासाठी? आई 'अहो' म्हणते म्हणून? अहो, लोकांच्या आया शिव्या देतात!"

पत्र लिहिले आहे, चार ओळी. पुण्य वगैरे काही मनात नाही. पोच दाखवली तर ती मला पुन्हा 'अरे' म्हणेल, एवढाच स्वार्थ. तरी दोन दिवस पत्र खिशातच ठेवून फिरेन, असे वाटते.

२९ जुलै

पत्र दिले. तोच तरुण अधिकारी होता. दोनदा वाचले. "त्या पायऱ्यांवरच्या आजी तुमच्या आई? कसं शक्य आहे? मी सहज विचारलं होतं त्यांना, मुलंबाळं किती. म्हणाल्या, एकच मुलगा, बंगल्यात असतो. देवानं एकच दिला, बरं केलं, म्हणाल्या."

मी म्हटले, "मी त्याच्या आधीचा," आणि पत्र पुढे सरकवले. त्याने शिक्का मारला.