इंजिन गार असताना

मी, श्रीमती रुक्मिणी चंद्रप्रकाश धुरी, वय एकाहत्तर, राहणार बोरिवली पूर्व, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गुडघे सोडले तर तब्येत ठणठणीत आहे. यापूर्वी मी असे काही लिहिलेले नाही.

१. राहता फ्लॅट यजमानांच्या मागे, मुलांनी हक्क सोडल्यावर, माझ्या एकटीच्या नावे झाला. माझ्यानंतर तो मुलगी श्वेता व मुलगा नितेश यांना समान वाट्याने मिळावा. श्वेता म्हणेल, "तो घरी येतच नाही, त्याला कशाला?" तिने पुढची कलमे वाचावीत.

२. पाटल्या आणि बँकेतली ठेव श्वेताची. पवईहून येऊन माझ्या गोळ्यांचे डबे तीच भरते. पुरणयंत्रही तिनेच न्यावे. पुरणपोळी तिने जन्मात केलेली नाही, तरी न्यावे.

३. माळ्यावर लोखंडी पेटी आहे, तीत नितेशचे नट आवळायचे पहिले पाने आहेत. यजमानांनी लावून दिलेली कायमची नोकरी सोडून त्याने जोगेश्वरीला गॅरेज टाकले, तेव्हा हे ओरडले होते, "परत माझ्या घरात पाय ठेवू नको, मेल्या!" पोराने तो शब्द पाळला. बापाला अग्नी द्यायला थेट स्मशानात आला आणि तिथूनच परत गेला. मला म्हणाला, "बंदी बाबांची होती, आई. त्यांनीच उठवायला हवी होती." पण भंगारवाला आला की हेच त्या पेटीवर रद्दी टाकून ती झाकून ठेवत. पेटी नितेशची.

४. गाडी. पन्नाशी उलटल्यावर मला ती नितेशने शिकवली. आता सकाळी चालू केली की थरथरते, काटा खालीवर नाचतो, बंद पडेल असे वाटते. जरा तापली की शहाण्यासारखी चालते. हायवेने जोगेश्वरीला पोचेपर्यंत हिला काही झालेलेच नसते. नितेशने प्लग बदलले, थ्रॉटल साफ केला. शेवटी म्हणाला, "कुठूनतरी हवा ओढतेय. पाइप, सेन्सर सगळं इंजिन गार असतानाच बघायला हवं. रात्रभर इथेच ठेव ना गं."

मी म्हटले, "घराक ये, झिला. सकाळी ती गारच आसता."

तो नुसता हात पुसत राहिला. मी गाडी तिथे ठेवली नाही. का, ते त्यालाही कळते.

सबब, गाडी नितेशला द्यावी, पण या अटीवर: त्याने आदल्या संध्याकाळी या घरी यावे, जेवावे, खिडकीखालच्या त्याच्या जागेवर झोपावे आणि सकाळी खाली उतरून बॉनेट उघडावे. तोवर दुसऱ्या कुठल्याही मेकॅनिकने तिला हात लावायचा नाही.

५. घर यजमानांचे होते, तोवर इथे कोणी यावे हे सांगायचा हक्क त्यांचा होता. त्यांच्यापुढे तेव्हा माझे काही चालले नाही. आता घर माझे आहे. मालकीण या नात्याने ती बंदी मी आजपासून रद्द करते. नुसत्या तोंडी सांगण्याने तो ऐकणार नाही, बापावर गेला आहे, म्हणून साक्षीदारांसमोर लिहून देते. मला माझा मुलगा घरात हवा आहे.

६. आमच्या सोसायटीचे सचिव श्री. विद्याधर पाटकर यांनी गाडीच्या सकाळच्या आवाजाबद्दल मला दोनदा नोटीस दिली. त्यांना मी माफ केलेले नाही. मात्र तो आवाज त्यांच्याइतका मन लावून दुसऱ्या कोणी ऐकलेला नाही, म्हणून साक्षीला त्यांनाच बोलावले आहे.

७. हे वाचायला माझ्या मरणाची वाट बघू नये. एक प्रत मी आजच गॅरेजवर पाठवते आहे. माझ्या हयातीत तो आला, तर कलम ४ ची अट पुरी झाली असे समजावे. उद्या रविवार, गॅरेज बंद असते. गाडी आज मी जागची हलवणार नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि तो मला मान्य आहे.

ठिकाण: बोरिवली पूर्व, मुंबई
दिनांक: १७ जानेवारी २०२६, शनिवार

सही: रुक्मिणी चं. धुरी

साक्षीदार, ज्यांच्यादेखत वरील सही झाली:
१) डॉ. दिशा नंदकिशोर वालावलकर
२) विद्याधर पाटकर (उद्या सकाळच्या आवाजास हरकत नाही.)