स्टेकहाउसमधली एकादशी

सोम. १८ ऑगस्ट
निघालो एकदाचे. भाड्याचं मोटरहोम, निखिल चालवतोय, सासूबाई मागे मोठ्या खिडकीशी. नॉटिंगहॅम सोडून तासभर झाल्यावर आठवलं, उद्याच्या एकादशीचा भिजवलेला साबुदाणा फ्रिजमध्येच राहिला. बोलले नाही. मिळेल वाटेत. (यॉर्कशरच्या खेड्यात साबुदाणा! मी पण ना.)

मंगळ. १९
आई सकाळपासून केळ्यावर. मोटरहोमचा गॅस पेटेना, नाहीतर बटाटे उकडले असते. दुपारी धो धो पाऊस, आणि हायवेवर उघडं काय, तर काउबॉय थीमचं स्टेकहाउस. बारपाशी स्टुलांऐवजी खोगिरं. वेट्रेस "हाउडी!" म्हणाली आणि लगेच अस्सल यॉर्कशरी थाटात "यू ऑलराइट, लव्ह?"
निखिल म्हणाला, "आईला चिप्स घेऊ. बटाट्याच्या जाड फोडी तळलेल्या, चालतातच की."
आईंनी विचारलं, "तळण कशातलं गं?"
"साधं तेल, आई." मेन्यूतून डोकं वर न काढता मी म्हटलं. मी विचारलं कुणाला होतं? भूक लागली होती, कंटाळा आला होता, बस.
टॉयलेटकडे जाताना भिंतीवर पाटी, मोठ्या अभिमानाने लावलेली: आमचे चिप्स अस्सल बीफ ड्रिपिंगमध्ये तळलेले. म्हणजे गाईची चरबी.
परत आले तर आई वेट्रेसची हॅट घालून खुदुखुदु हसतायत, बशी अर्धी रिकामी. "इकडे आल्यापासून आज पहिल्यांदा काहीतरी चवीचं खाल्लं बघ."
लग्न झाल्यापासून एक एकादशी मोडलेली नाही त्यांची. बाळंतपणातसुद्धा.
तेव्हाच थांबवायला हवं होतं. मी खुर्ची ओढून बसले. त्यांनी बशी संपवली.

बुध. २०
व्हिटबी. समुद्र, वारा, सीगल्स. निखिलला सांगितलं.
"सांगू नकोस. तिला माहीत नव्हतं, मग दोष कसला?"
तिला नव्हतं. मला होतं ना. आणि स्वतः काल स्टेक हाणत होता, त्याला काय जातंय बोलायला. उगाच भांडले त्याच्याशी.

शुक्र. २२
घरी. साबुदाणा आंबला, फेकला. आई बहिणीशी फोनवर, "अगं, मीनल बरोबर असली की मला बघावं लागत नाही. सगळं विचारून मगच खायला घालते." मी जिन्यात उभी. लाज वाटते. खरंच लाज वाटते.

बुध. ३ सप्टें.
एकादशी. वर्क फ्रॉम होम. लंचला आई म्हणाल्या, "खिचडी नको गं आज. ते तिथल्यासारखे चिप्स कर ना." शेंगदाण्याच्या तेलात तळले, जाड कापून, अगदी तसेच. त्यांनी दोन खाल्ले आणि थांबल्या.
"छान झालेत. पण ती चव नाही. ते लोक कशात तळतात गं? तू विचारलं होतंस ना?"
म्हटलं, आलेच, मीटिंग आहे.
मीटिंग नाही. वर येऊन हे लिहितेय. त्या खाली बशीवर ताटली झाकून बसल्यात, मी आले की बरोबर खाऊ म्हणून.